वीरभद्रप्पांची धार

सोलापूर, ता. ८ जुलै १९३२

सौ. सोजरवैनी,

मैंदर्गीच्या दिशेला तोंड करून नमस्कार केला आहे, तो पोचला असं समजा.

दादा माझं पत्र हातात धरणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. त्याला एवढंच सांगा की धाकटा भाऊ जिवंत आहे, वेळेवर जेवतो आणि कॉलेजात परत जाणार नाही. वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटांनी चारचौघांत माझ्या बोलण्याची नक्कल केली तेव्हा मी शाईची दौत उचलली, हे खरं. ती त्यांना लागली नाही, भिंतीला लागली, हेही खरं. पण दौतीपायी कॉलेज सुटलं असं दादा सांगत फिरतो ते खरं नाही. कॉलेज माझ्याकडून गेल्या दिवाळीतच सुटलं होतं. तुमच्या अंबुमावशींचे यजमान वीरभद्रप्पाकाका वारले म्हणून तुम्हाला घेऊन मी इथं आलो, आणि तुमची मावसबहीण राजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्यानंतर पुण्यात मी पुस्तकांत काय वाचलं ते मला विचारू नका.

तर मी अंबुमावशींकडे आहे. काका गेल्यापासून बंद पडलेलं कातकामाचं दुकान मी उघडलं. सात रस्त्यापासून हाकेवर घर, पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि परस. आपल्या घरी सुतारकी असल्यानं रंधा-करवत मला नवी नाही, पण चरक निराळा. पायानं चरक फिरवायचा आणि फिरत्या लाकडावर पटाशी धरायची. साखर पेठेतल्या विणकरांना सूत गुंडाळायच्या कांड्या लागतात, त्या मी कातून देतो. मावशींनी आढेवेढे न घेता मला ठेवून घेतलं. दुकान चाललं तर घर चालेल, आणि घर माझ्यामुळे चाललं तर पुढचं बोलणं सोपं जाईल, असा माझा हिशेब. तुम्ही ओळखलंच असेल. मला राजाबाईशी लग्न करायचं आहे. मावशींपाशी तुम्ही शब्द टाका.

पण वैनी, इथं एक गोष्ट आहे, ती दादाला वाचून दाखवू नका.

मला धार लावता येत नाही. सहाणेच्या चाकावर लोखंड दाबतो, ते निळं पडतं, टोक जळतं. पहिल्याच आठवड्यात काकांच्या सगळ्या पटाश्यांची मी वाट लावली. त्या तशाच टाकून दुपारी कांड्यांचं पोतं घेऊन साखर पेठेत गेलो. परत आलो तर पटाश्या फळीवर ओळीनं ठेवलेल्या, मुठी भिंतीकडे. प्रत्येकीला अशी धार की मनगटावरचा केस नुसत्या टेकण्यानं गळावा. सहाण ओली होती, खालच्या कुंडीतलं पाणी गढूळ.

मावशी ज्वारीचं पीठ चाळत होत्या. विचारलं, दुकानात कोण आलं होतं. म्हणाल्या, "आले असतील."

"कोण?"

"दुसरं कोन येनार. त्यांचीच धार हाय ती." आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, नवरा घरात आल्यावर बाई घेते तसा.

दुसऱ्या खेपेला साखर पेठेतल्या एका म्हाताऱ्या विणकरानं माझी कांडी गालावर फिरवून बघितली आणि म्हणाला, "ये तो वीरभद्रप्पाकी धार है. वो तो मर गया ना?"

मी हसलो. परत येताना मात्र पोतं रिकामं असून जड वाटत होतं.

सिदू

---

मैंदर्गी, ता. १६ जुलै

सिदूभावजी,

माझा आशीर्वाद. तुमच्या दादांचा बी हाय, पर तो त्यांच्या तोंडातून अजून बाहेर पडला न्हाय. पत्र मी मोठ्यानं वाचलं, त्यांनी भिंतीकडं तोंड करून ऐकलं. दौत भिंतीला लागली म्हटल्यावर म्हनले, "नेम बी धड न्हाय." म्हंजे राग उतरायला लागलाय. धारेचं तेवढं मनात वाचलं.

राजाचं मला दिवाळीतच कळलं होतं. एक तांब्या पानी पिऊन मानूस तीनदा तहान लागली म्हनतो, त्याला काय झालंय ते कळायला कॉलेज लागत न्हाय.

पर भावजी, तिची एकोणीस सरली. चांगली चांगली स्थळं आली होती, अक्कलकोटचं एक तर घोडागाडीतून आलं. काकांनी सगळी परत लावली. कुनाचं नाक वाईट, कुनाच्या घराला ओल, कुनाचा बाप लई बोलतो. मावशी चुलीपुढं बसून रडायची. असं का करतात ते कुनाला कळलं न्हाय. मी मावशीला तुमच्यासाटी सरळ लिवलंय. काका असते तर तुमाला बी परत लावलं असतं, नाकाचं तर तुमच्या बोलायलाच नको.

आता ते न्हाईत. न्हाईत ना? तुमचं पत्र वाचून अंगावर काटा आला. सोबत पुडीत मठातलं भस्म घातलंय, चरकाला लावा आन् थोडं तुमच्या कपाळाला.

सोजर

---

सोलापूर, ता. १ ऑगस्ट

वैनी,

भस्म मिळालं. चरकाला लावलं, सहाणेला लावलं, मला लावलं. धार तशीच येते.

तुमच्या पत्राला मावशींनी काय उत्तर द्यायचं ते मलाच तोंडी सांगितलं. शेजारच्या निंगप्पानं वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच होतो. त्या म्हणाल्या, "सिदू, पोरगा तू चांगला हायस. पर घरधनी अजून घरात हायत. त्यांचा होकार आल्याबिगर पोरीचं कार्य कसं करू? जिवंतपनी कुनाला हो म्हनले न्हाईत, त्यासाटीच घुटमळत असतील."

म्हणजे माझ्या आणि राजाबाईच्या मध्ये आता एक मेलेला माणूस बसला आहे, आणि तो रोज माझीच हत्यारं पाजळून देतो. त्याच्या धारेवर मी जेवतो. त्यानं धार बंद केली तर दुकान बुडेल, चालू ठेवली तर लग्न होणार नाही. असा सासरा कुणाला मिळाला नसेल.

मी शोध घ्यायचं ठरवलं. धार लावायची जागा तुम्ही पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. सहाणेच्या चाकापुढं जमिनीलगत एक बाभळीची चौकट आहे. तिला इथं घोडी म्हणतात. घरीच केलेली, पाळण्याच्या मोडक्या खुरांची. तिच्यातून एक लांब दांडी मागंपुढं सरकते, पाचर मारली की घट्ट बसते. दांडीच्या टोकाला एक खाच. पटाशीच्या मुठीचं बूड त्या खाचेत टेकवायचं आणि पातं चाकावर नुसतं ठेवायचं. मग हात हलला तरी उतार बदलत नाही. गोल पटाशी असली तर मूठ खाचेतल्या खाचेत लोळवायची. एवढं सोपं, तरी माझं लोखंड जळतं. घोडी इतकी खाली आहे की मांडी घालून बसावं लागतं आणि गुडघे माझ्या कानाला लागतात. तिथं बसलं की मागं कुणीतरी उभं राहून माझा हात बघतंय असं वाटतं. मान वळवायचं धाडस होत नाही. खाचेचं लाकूड तेल पाजल्यासारखं गुळगुळीत झालं आहे, आणि ते कधी पूर्ण गार लागत नाही.

परवा साखर पेठेला निघताना सहाणेभोवती मी लाकडाचा बारीक भुसा पसरून गेलो. पाऊल उमटलं तर माणूस, नाही उमटलं तर काका. परत आलो तर पटाश्यांना धार होती आणि भुसा झाडून कोपऱ्यात नीट गोळा केलेला. आता याचा अर्थ काय लावायचा?

मावशी आता दुकानाच्या उंबऱ्याआत दुपारचं एक ताट सरकवतात. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. ताट मांडून दार ओढून घेतात आणि परसात जाऊन बसतात. त्यांना हे भुताचं वाटतच नाही, पाहुणा उशिरा आल्यासारखं वाटतं. गेल्या महिनाभरात त्या अंगानं भरल्या आहेत. मी मात्र वाळलो.

राजाबाईशी मी काल बोललो. ती विहिरीवर होती. म्हटलं, तुझ्या बापाला मी भीत नाही, जिवंत असता तरी भांडलो असतो.

ती पोहरा ओढता ओढता म्हणाली, "भांडा की. पर जेवून भांडा, त्यांच्याच धारेवर शिजलंय."

मी म्हटलं, तुला भीती वाटत नाही?

"कशाची?"

"ते रोज येतात त्याची."

तिनं पोहरा कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कॉलेज सोडल्याचा पहिल्यांदा थोडा पश्चात्ताप झाला. मग घागर उचलून गेली.

वैनी, मी फार दिवस सहन करणार नाही.

सिदू

---

सोलापूर, ता. १२ ऑगस्ट

वैनी,

तुमचं उत्तर आलं नाही, वाट बघायला मला दम नाही. जे केलं ते सांगतो.

आज साखर पेठेत विणकराच्या घरी कुणीतरी आजारी असल्याचं वाटेतच कळलं, म्हणून मी अर्ध्यावरून लवकर परत आलो. गल्लीतच आवाज ऐकला. सहाण फिरत होती. लोखंड दगडावर टेकलं की जो बारीक, एकसारखा आवाज येतो, तो. माझ्या हातून असा आवाज कधी आला नाही. दुकानाचं दार आतून लावलेलं. मी हाक मारली, "काका." आवाज थांबला. दारावर लाथा घातल्या, ते उघडेना. मग बोळातून, परसातून, स्वयंपाकघरातून आत शिरलो. दुकानात कुणी नव्हतं, आणि पुढच्या दाराची कडी आता काढलेली होती. चाक अजून आपोआप फिरत होतं, हळूहळू, पाणी गळत. बसायचा पाट ऊबदार होता. मी हात लावून पाहिला, वैनी, शप्पथ सांगतो, ऊबदार होता.

मावशी उंबऱ्यात हात जोडून उभ्या होत्या. मी त्या चाकाला म्हटलं, मुलगी देणार की नाही ते एकदा सांगा. चाक थांबलं. माझ्या डोक्यात काय शिरलं ठाऊक नाही. लाकूड तासायचा वाकस उचलला आणि घोडीवर घातला. चौकट फुटली, दांडी दुभंगली, खाचेचा तुकडा उडून मावशींच्या पायापाशी पडला. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

राजाबाई परसातून आली. तुकड्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं समाधान?"

"आता येणार नाहीत," मी म्हटलं.

"न्हाय येनार," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. बापासाठीच रडत असेल. पण मला वाटलं होतं ती सुटली म्हणून हसेल.

आता रस्ता मोकळा आहे. तुम्ही दादाला घेऊन या.

सिदू

---

मैंदर्गी, ता. १२ ऑगस्ट

सिदूभावजी,

उत्तराला उशीर झाला, मी आत्याकडं बारशाला गेले होते. आल्याआल्या तुमचं पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आन् दुसऱ्या वेळी मला हसूच आलं. मग हसू गेलं.

भावजी, भुतं केर काढत न्हाईत. भुसा झाडून कोपऱ्यात कोन गोळा करतं? जिला मळ बघवत न्हाय ती.

आन् तुमी लिवता घोडी खाली हाय, मांडी घालून बसावं लागतं. काकांचे गुडघे तुमी बघितले न्हाईत. माझ्या लग्नात त्यांना पाटावर बसता येईना, ओट्यावर पाय सोडून जेवले. असा मानूस मांडी घालून धार लावत होता व्हय? ती घोडी काकांच्या बेतानं केलेलीच न्हाय. ती बुटक्या, मऊ गुडघ्याच्या मानसाची हाय.

मला आता एकेक आठवतंय. लहानपनी राजा आमच्याकडं आली की आमी तिच्या बोटांना हसायचो. नखात काळं, बोटांच्या टोकाची कातडी झिजून काचंसारखी. घासून घासून बी निघायचं न्हाय. म्हनायची, भांडी घासते. आन् शेवटच्या वर्सात काकांचा हात कापायचा, मी बघितलंय, चहाची बशी धरता येत नव्हती. तरी सोलापुरात वीरभद्रप्पांची धार म्हनून नाव होतं. कुनाच्या हाताची होती ती? आन् पोरगी गेली असती तर ती धार कुटं राहिली असती? आता कळलं अक्कलकोटची घोडागाडी का परत गेली.

मावशी जुन्या चालीची. बाईनं हत्याराला हात लावला तर इटाळ हुतो म्हनून ती दुकानातून जायची बी न्हाय, परसातून वळसा घालायची. तिला कोन सांगनार?

ही पोरगी तुमच्यासाटी धार लावती, भावजी. तोंडानं बोलता येत न्हाय म्हनून लोखंडानं बोलती. कृपा करून डोकं थंड ठेवा आन् घोडीला हात लावू नका.

सोजर

---

सोलापूर, ता. २८ ऑगस्ट

वैनी,

तुमचं पत्र तेराव्या तारखेला आलं. ते वाचताना मी कुठं बसलो होतो सांगू? घोडीच्या तुकड्यांपुढं.

माझ्याबद्दल काही लिहीत नाही. मावशींचं लिहितो. घोडी मोडल्यापासून धार बंद झाली. मावशींनी ताट मांडायचं सोडलं नाही, पण संध्याकाळी त्या उंबऱ्यातूनच पटाश्यांची पाती निरखतात आणि आत जातात. जेवण तुटलं. एक दिवस अंथरुणातून उठल्याच नाहीत. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तू घालवलंस त्यांना, सिदू. मला सांगून तरी गेले असते."

मी राजाबाईला विहिरीवर गाठलं. म्हटलं, मला सगळं कळलं आहे, आत्ताच्या आत्ता मावशींना सांगतो. काका नव्हते, तू होतीस. मावशी बऱ्या होतील, लग्नाची आडकाठी जाईल, सगळं एका वाक्यात मिटेल.

ती म्हणाली, "सांगा. अव्वाला सांगा की तुझा नवरा दिवाळीत गेला तो गेलाच. आन् त्याच्या आधी चार वर्सं जो हात कापत हुता तो तुझ्यापासून धोतराखाली लपवत हुता. एकदा गेलेला मानूस तिला परत घालवायला लावा."

"मग तू कशाला लावलीस धार?"

"तुमी पटाश्या जाळत हुता. मला बघवंना." मग पोहरा वर काढत, "अव्वा म्हनली आले असतील, आन् जेवली. मी गप बसले."

मी विचारलं, काकांनी तुला का अडकवून ठेवलं? ती दोर गुंडाळत राहिली. "मी गेले असते तर दुकान गेलं असतं. अप्पांनी ठेवून घेतलं. अजून ठेवून घेतलंयच की." हे ती अगदी साधं बोलली. भूत नाही हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती वाढली.

शेवटी मी म्हटलं, तुझ्या मनात तरी काय आहे?

तेव्हा मात्र ती चिडली. "आज इचारताय? स्थळं आली ती अप्पांना इचारून गेली. तुमी आलात ते वैनीला इचारलंत, अव्वाला इचारलंत, मेलेल्या मानसाला दार ठोकून इचारलंत. विहिरीवर रोज येता, मला इचारलंत कधी?"

वैनी, या खेपेला फेकायला दौतही नव्हती.

मग मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. नवी घोडी केली. घोडीशिवाय राजाबाईचा हात चालत नाही, घोडीवरच ती शिकली. मावशी आत पडलेल्या, म्हणून ती दुकानात येऊ शकत नव्हती. मी दुकानात चौकट ठोकत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मावशींना कळू नये म्हणून, मांजराशी बोलत होती. "एवढं उंच बसतात व्हय गं? दोन बोटं खाली ये." मी चौकट दोन बोटं खाली घेई. "दाबू नको गं, दाबलं की जळतं. नुसतं टेकव. पान्याचा थेंब पात्यावरनं सरळ उतरला की सोड." मांजर झोपलेलं होतं. मी शिकत होतो.

चौथ्या दिवशी पटाश्या फळीवर ओळीनं लावून साखर पेठेला गेलो. धार माझ्या हाताची, शेवटचा हात तिचा, मावशींचा डोळा लागल्यावर फिरवलेला. परत आलो तेव्हा मावशी उठून बसल्या होत्या, भाकरी मोडत होत्या. मला म्हणाल्या, "परतले बघ. रागावले हुते तुझ्यावर."

मी हो म्हटलं. अडथळा मीच फोडला आणि मीच नवा करून दिला.

सिदू

---

मैंदर्गी, ता. ५ सप्टेंबर

भावजी,

तुमचं पत्र मी या खेपेला सगळं वाचून दाखवलं. मांजराच्या जागेला दादा उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळ्यात कायतरी गेलंय म्हनले. त्यांचा आशीर्वाद आता तोंडातून बाहेर आलाय, घ्या.

पर पुढं काय? मावशी हयात हाय तोवर काका घरात. राजा तिशीची हुईल. तुमच्यासारख्याला थांब म्हननं म्हंजे बैलाला उभ्यानं झोप म्हनन्यासारखं हाय, तरी म्हनते, थांबा. आन् विहिरीवर तिनं जे सुनावलं त्याचं उत्तर तुमी अजून दिलं न्हाय. इचारा की तिला. नीट इचारा.

सोजर

---

सोलापूर, ता. ३० सप्टेंबर

वैनी,

मी विचारलं. ती म्हणाली, "आता काय इचारून उपयोग, अव्वा न्हाय म्हनंल." पण घागर भरून झाल्यावरही ती थोडा वेळ थांबली.

आणि आज मावशींनी स्वतःच बोलण्याचं दार उघडलं. मला व राजाबाईला समोर बसवून म्हणाल्या, "मी तरी किती दिस मधी बसू? त्यांनाच इचारू या. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतील. त्यातली रुंद पटाशी तू आदल्या दिवशी माझ्या देखत बोथट करून ठेव. त्या दिवशी लोखंडाला कुनी हात लावत न्हाय. दसऱ्याला सकाळी तिला धार असली तर त्यांनी हो म्हटलं. नसली तर माझ्याकडं परत इचारू नका."

राजाबाईनं खाली पाहिलं. मी तिला परसात म्हटलं, मी हात लावणार नाही. शपथ घेतो. तुझं उत्तर तू दे, हो असेल तर हो, नाही तर नाही. ती म्हणाली, "खंडेनवमीला? पूजेतल्या लोखंडाला?" तुम्हाला ठाऊक आहे आपल्यात याचा अर्थ काय. दुकानातला माणूस त्या दिवशी खिळासुद्धा उचलत नाही. मी म्हटलं, तुझं तू ठरव.

आता मला झोप नाही. ती लावेल का?

सिदू

---

मैंदर्गी, ता. ४ ऑक्टोबर

भावजी,

त्या दिवशी घरात थांबू नका. तुमचा हात तुमचं ऐकत न्हाय हे भिंतीला ठाऊक हाय. सकाळीच बाहेर पडा आन् दिवे लागल्यावर या. शपथ मोडलीत तर मला तोंड दाखवू नका. दादा म्हनतात आमी दसऱ्यानंतर तिकडं येतो, आनंदाला किंवा तुमाला घेऊन जायला.

सोजर

---

सोलापूर, ता. ११ ऑक्टोबर

दादा आणि वैनी,

सगळं सांगतो, क्रमानं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी पाट्यावर घासून रुंद पटाशी बोथट केली. मावशींच्या देखत केली. सकाळी पूजा मांडली, झेंडू वाहिले, मावशींनी दुकानाचं दार ओढून घेतलं. मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलो आणि दिवसभर तिथंच राहिलो. पाणी बघत होतो. मला खरं सांगायचं तर काकांची आठवण येत होती, ज्यांना मी धड पाहिलंही नाही. मनात म्हटलं, सोडा आता तिला.

दसऱ्याला सकाळी मावशींनी दार उघडलं. आम्ही दोघं मागं उभे. पटाशीचं पातं चमकत होतं. सहाण ओली होती, झेंडूच्या पाकळ्या कुंडीतल्या पाण्यात पडलेल्या.

"बघा," मावशी म्हणाल्या. "दिलं त्यांनी."

मी पटाशी उचलली. पात्याला एक सोडून तीन उतार होते, कड लाटेसारखी वरखाली, एक कोपरा दाबून दाबून निळा जळलेला. मी पहिल्या आठवड्यात लावत होतो त्याहून वाईट. राजाबाईच्या हातून अशी धार झोपेतही लागणार नाही. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती. मग आम्ही दोघांनी एकदम मावशींकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती.

"विळीनं कापलं," त्या म्हणाल्या, आम्ही न विचारताच.

जी बाई आयुष्यभर हत्याराला विटाळ होईल म्हणून परसातून फिरली, ती खंडेनवमीच्या दिवशी, पूजेतलं लोखंड घेऊन, त्या खालच्या घोडीपुढं मांडी घालून बसली होती. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, सुरुवातीपासून की आजारपणानंतर, की अजूनही काहीच ठाऊक नाही आणि नवऱ्याला थोडी मदत करावी एवढंच वाटलं, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. दुकानात त्या वेळी आम्ही तिघंच होतो, पण मला तिघांपेक्षा जास्त माणसं उभी असल्यासारखं वाटलं आणि मी मान वळवली नाही.

मावशी नैवेद्याचं बघायला आत गेल्या. मी राजाबाईला म्हटलं, तू लावली नाहीस.

"न्हाय."

मी पटाशी खाली ठेवली. पण ती पुढं बोलत होती.

"दारापत्तुर गेले हुते. हात कडीवर ठेवला. मग वाटलं, अप्पांच्या नावानं मी लई धार लावली. हो बी त्यांच्याच नावानं म्हनू व्हय?" तिनं कुंडीतली एक पाकळी काढून टाकली. "तुमी इचारलंय मला. तर हो. माझ्या नावानं."

दादा, वैनी, तुम्ही या. कार्तिकात धरू या असं मावशी म्हणतात. धार आता राजाबाई उघड लावते, मावशींसमोर. मावशी म्हणतात, "बापाचा हात आलाय पोरीला," आणि ज्वारी निवडत राहतात. दुपारचं ताट अजून मांडतात, पण दार लोटत नाहीत.

ती रुंद पटाशी आम्ही दोघांनीही परत घोडीवर धरलेली नाही. कालपासून मी तिनंच कातकाम करतो. मावशी मधून मधून उंबऱ्यापर्यंत येतात आणि विचारतात, कशी चालते. मी चांगली म्हणतो, आणि लाकूड फाटू देतो.

सिदू